पदवीधरांचे समाजऋण आणि गारगोटीचा प्रयोग : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक

उच्च शिक्षण घेतलेल्या तरुणाने शिक्षण संपल्यावर काही काळ समाजासाठी द्यावा, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. दीक्षान्त समारंभातील भाषणांतून तो दरवर्षी मांडला जातो, टाळ्याही मिळवतो आणि समारंभाचे झगे परत केले जातात त्याबरोबर विसरलाही जातो. परंतु या विचाराला केवळ उपदेशाच्या पातळीवर न ठेवता अभ्यासक्रम, वसतिगृह, पदविका आणि नोकरी यांच्या चौकटीत बसविण्याचा गंभीर प्रयत्न कोल्हापूर जिल्ह्यातील भुदरगड तालुक्यात, गारगोटी येथे झाला होता. श्री मौनी विद्यापीठाच्या या प्रयोगाचा उल्लेख शिक्षणाच्या इतिहासात बहुधा एका वाक्यात उरकला जातो. त्या प्रयोगाची वैचारिक पार्श्वभूमी, त्याची राष्ट्रीय योजनांशी असलेली नाळ आणि त्याच्या मर्यादा यांचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखाचा मुख्य प्रश्न असा की, पदवीधराचे समाजऋण नेमके कोणाचे, कोणाला आणि कोणत्या रूपात फेडावयाचे, याचे उत्तर गारगोटीने काय दिले व ते उत्तर पुढे का टिकले नाही.

आजीव सेवेची परंपरा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई विद्यापीठातून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुणासमोर सरकारी नोकरी आणि वकिली हे दोन प्रशस्त मार्ग होते. ते नाकारून १८८० मध्ये चिपळूणकर, टिळक, नामजोशी यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. आगरकर लगेचच त्यांना येऊन मिळाले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय उभे राहिले. या संस्थेने 'आजीव सदस्य' ही कल्पना रूढ केली. माफक वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याचे वचन देणारा पदवीधर हा तिचा कणा होता. गोपाळ कृष्ण गोखले हे या कल्पनेचे सर्वांत परिचित उदाहरण होय. १९०५ साली त्यांनी स्थापन केलेला भारत सेवक समाज हा त्याच व्रताचा राजकीय-सामाजिक विस्तार होता. मात्र या त्यागालाही हिशेबाचे प्रश्न सुटले नव्हते. आजीव सदस्यांनी संस्थेबाहेरून मिळकत करावी की नाही यावरून निर्माण झालेल्या वादाची परिणती १८९० मध्ये टिळकांच्या राजीनाम्यात झाली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. सेवा कितीही पवित्र मानली तरी सेवकाच्या चरितार्थाचा प्रश्न बाजूला ठेवता येत नाही, याची ती पहिली जाहीर नोंद होती.

या परंपरेची एक मर्यादा उघड होती. सेवा करणारा पदवीधर प्रामुख्याने शहरी व उच्चवर्णीय होता. खेडे त्याच्या दृष्टीने सेवेचे क्षेत्र होते, जन्मस्थान क्वचितच. दक्षिण महाराष्ट्रात हे चित्र बदलले ते वेगळ्या मार्गाने. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभारली आणि १९१७ मध्ये संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण लागू केले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने पुढे शेकडो व्हॉलंटरी शाळा चालविल्या. त्या शाळांचा भार वाहणारे अनेक शिक्षक संस्थेच्याच वसतिगृहांतून शिकून बाहेर पडलेले होते. येथे ऋण आणि परतफेड यांचे नाते प्रत्यक्ष होते. ज्या भाकरीवर आपण शिकलो ती कोणत्या घरातून आली हे शिक्षकाला माहीत होते. 'समाज' हा शब्द त्याच्यासाठी अमूर्त नव्हता.

जे. पी. नाईक आणि गारगोटी

याच मातीतून आलेल्या एका पदवीधराने हे नाते संस्थात्मक केले. डॉ. जे. पी. नाईक यांचा जन्म ५ सप्टेंबर १९०७ रोजी आजरा तालुक्यातील बहिरेवाडी येथे झाला. त्यांचे मूळ नाव विठ्ठल हरी घोटगे. पदवीनंतर सविनय कायदेभंगाच्या चळवळीत त्यांनी कारावास भोगला. सुटकेनंतर धारवाड जिल्ह्यातील उप्पिन बेटगेरी या खेड्यात त्यांनी ग्रामसुधारणेचे काम केले. शाळा, आरोग्य, स्वच्छता, शेती हे प्रश्न खेड्यात एकमेकांपासून सुटे नसतात, हा धडा त्यांना तेथे मिळाला. चाळीसच्या दशकात कोल्हापूर संस्थानाच्या प्रशासनातील कामामुळे त्यांना शासनयंत्रणेची आतील बाजूही कळली. चळवळ, खेडे आणि कचेरी या तिन्हींचा अनुभव असलेला शिक्षणतज्ज्ञ भारतात विरळाच.

गारगोटीची निवड समजून घेण्यासाठी या गावाचा भूगोल आणि स्मृती ध्यानात घ्यावी लागते. कोल्हापूरच्या दक्षिणेस सुमारे पन्नास किलोमीटरवर, वेदगंगेच्या खोऱ्यात हे गाव आहे. पश्चिमेकडे सह्याद्रीचा डोंगराळ, अतिपावसाचा पट्टा आणि त्यात विखुरलेल्या वाड्या आहेत. डिसेंबर १९४२ मध्ये येथील कचेरीवर झालेल्या हल्ल्यात क्रांतिकारकांनी प्राण दिले. त्याची स्मृती गावाने जपली आहे. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि जी कचेरी परक्या सत्तेची खूण होती ती आपली झाली. आता त्या कचेरीत बसणारा माणूस कोठून आणावयाचा, हा पुढचा प्रश्न होता. स्वातंत्र्योत्तर काळाच्या आरंभी नाईक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथे उभारलेल्या संस्थेला पाटगावच्या मौनी महाराजांचे नाव देण्यात आले. मौनी महाराज हे शिवकालातील सत्पुरुष आणि छत्रपती शिवाजी महाराजांचे श्रद्धास्थान म्हणून या परिसरात पूज्य मानले जातात. बालशिक्षणापासून उच्च शिक्षणापर्यंतचे टप्पे एकाच आवारात, एकाच दृष्टीने चालवावेत, ही या संस्थेमागील कल्पना होती. शिक्षणतज्ज्ञ डॉ. चित्रा नाईक यांचेही या कार्याशी घनिष्ठ नाते होते.

ग्रामीण उच्च शिक्षणाची योजना

गारगोटीचा प्रयोग स्थानिक होता, पण एकाकी नव्हता. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४९ च्या अहवालात ग्रामीण विद्यापीठांची स्वतंत्र कल्पना मांडली होती. तिच्यामागे आयोगाचे अमेरिकन सदस्य आर्थर मॉर्गन यांचा मोठा वाटा होता. अमेरिकेतील टेनेसी खोरे प्राधिकरणाचे ते पहिले अध्यक्ष. डेन्मार्कमधील लोकविद्यालयांचा आदर्श आणि गांधीजींची नयी तालीम यांचा मेळ त्यात घातलेला दिसतो. १९५२ मध्ये सामूहिक विकास योजना आणि १९५३ मध्ये राष्ट्रीय विस्तार सेवा सुरू झाल्यावर प्रशिक्षित ग्रामीण कार्यकर्त्यांची गरज एकाएकी वाढली. १९५४ मध्ये डॉ. का. ला. श्रीमाळी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रामीण उच्च शिक्षण समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशीनुसार १९५६ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण उच्च शिक्षण परिषद स्थापन होऊन देशभरात ग्रामीण संस्था सुरू झाल्या. गांधीग्राम, श्रीनिकेतन, उदयपूर, सणोसरा, दिल्लीची जामिया यांच्या पंक्तीत गारगोटीचे मौनी विद्यापीठ आले. महाराष्ट्राच्या आजच्या सीमेत अमरावतीलाही अशी संस्था होती.

या संस्थांचे अभ्यासक्रम पाहिले म्हणजे सेवेची कल्पना किती काटेकोरपणे घडविली गेली होती हे कळते. तीन वर्षांची ग्रामसेवा पदविका हा मुख्य अभ्यासक्रम असून तो पहिल्या पदवीच्या तोडीचा मानला जाणार होता. त्याशिवाय स्थापत्य व ग्रामीण अभियांत्रिकीची तीन वर्षांची पदविका, कृषिशास्त्राचे दोन वर्षांचे प्रमाणपत्र आणि आरोग्य निरीक्षकांसाठीचा अल्प मुदतीचा अभ्यासक्रम होता. प्रत्येक संस्थेने सर्व अभ्यासक्रम चालविले असे नाही. अध्यापन, संशोधन आणि विस्तारकार्य ही तिन्ही अंगे समान महत्त्वाची मानली गेली होती. गावाची पाहणी करणे, कुटुंबांच्या नोंदी घेणे, शेती-सहकाराचे प्रश्न समजून घेणे हे परीक्षेनंतरचे पुण्यकर्म नव्हते, तर शिक्षणाचाच भाग होते.

येथे एक सूक्ष्म पण निर्णायक फरक नोंदविला पाहिजे. पुण्याच्या परंपरेत पदवी आधी आणि सेवा नंतर असा क्रम होता. पदवीचे स्वरूप सेवेमुळे बदलत नव्हते. गारगोटीने पदवीचेच स्वरूप बदलण्याचा प्रयत्न केला. गणित, इतिहास वा इंग्रजी शिकून झाल्यावर खेड्यात जा, असे सांगण्याऐवजी खेडे हेच शिकण्याचे द्रव्य करावे, अशी ही भूमिका होती. तीत समाजऋणाचा भावनिक उच्चार कमी आणि कौशल्याचा आग्रह अधिक होता. रस्त्याचा उतार काढता न येणाऱ्या पदवीधराची ग्रामभक्ती वेदगंगेच्या पुरात कितपत उपयोगी पडणार, हा प्रश्न तिच्यामागे होता असे म्हणता येईल.

पदवी की पदविका : प्रयोगाची कोंडी

तथापि साठच्या दशकातच या योजनेला तडे जाऊ लागले. पहिला प्रश्न समकक्षतेचा होता. केंद्र शासनाने ग्रामसेवा पदविकेला नोकरीसाठी पदवीच्या बरोबरीचे मानले, परंतु सर्व विद्यापीठांनी तिला सारख्या उदारपणे स्वीकारले नाही. पदव्युत्तर प्रवेशाच्या खिडकीपाशी 'पदविका' हा शब्दच अडचणीचा ठरे. दुसरा प्रश्न नोकरीचा. १९६१ च्या कायद्यानुसार १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण प्रशासनात पदांची मोठी संख्या निर्माण झाली. परंतु त्या पदांची दारे सर्वच पदवीधरांना खुली होती. ग्रामसेवेचे खास शिक्षण घेतलेल्यास त्यात राखीव असे स्थान नव्हते. राज्याने एका हाताने खास कार्यकर्ता घडविण्यास पैसे दिले आणि दुसऱ्या हाताने त्याची खास गरज नसल्याचे सांगितले.

तिसरा प्रश्न या दोन्हींपेक्षा खोल आहे. ग्रामीण संस्थेत येणारा विद्यार्थी खेड्यातलाच होता. त्याच्या कुटुंबाने जनावर विकून वा कर्ज काढून त्याला शिकविले ते त्याने चिखल-मातीतून बाहेर पडावे म्हणून. बी.ए. ही अक्षरे त्या घरासाठी सुटकेचा परवाना होती. अशा विद्यार्थ्याला 'तू खेड्यासाठी शीक' असे सांगणे आणि त्याच वेळी मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्याला कोणतेही बंधन न घालता पदवी देणे, यातील विषमता त्या कुटुंबांना न कळण्याइतकी ती भोळी नव्हती. ज्यांच्यावर समाजाने सर्वांत कमी खर्च केला त्यांच्याकडूनच ऋणाची वसुली सर्वांत आधी मागितली गेली. ग्रामीण उच्च शिक्षणाचा प्रवाह मुख्य प्रवाहापासून वेगळा ठेवल्याचा हा परिणाम होता. त्यामागील हेतूंविषयी शंका घेण्याचे कारण नाही, पण शिक्षणात 'वेगळे' या शब्दाचा अर्थ 'दुय्यम' असा होण्यास फार काळ लागत नाही.

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि ग्रामीण तरुणाला रूढ पदवी आवाक्यात आली. पुढील काळात देशातील बहुतेक ग्रामीण संस्थांप्रमाणे गारगोटीलाही कला, विज्ञान, वाणिज्य या परिचित शाखांचे संलग्न महाविद्यालय उभे राहिले. भाऊसाहेब हिरे यांच्या नावाने ते ओळखले जाते. लक्षणीय गोष्ट अशी की, स्थापत्य व ग्रामीण अभियांत्रिकीची शाखा मात्र तंत्रनिकेतनाच्या रूपाने टिकली. तिच्या पदविकेला बाजारात व बांधकाम खात्यात निश्चित किंमत होती. ग्रामसेवा पदविका लोपली आणि अभियांत्रिकी पदविका राहिली, या एका घटनेत प्रयोगाच्या यशापयशाचे बरेचसे विवरण सामावलेले आहे. गावाला पूल बांधणारा मिळाला. गावाच्या संसाराचा एकत्र विचार करणारा जो कार्यकर्ता कल्पिला होता, त्याच्यासाठी पगारपत्रकात रकाना नव्हता.

साठ दिवसांपासून श्रेयांकांपर्यंत

गारगोटीत जे एका संस्थेपुरते होते ते सर्व विद्यार्थ्यांसाठी करावे, हा विचार राष्ट्रीय पातळीवरही चालू होता. १९५८ मध्ये पंडित नेहरूंनी पदवीसाठी समाजसेवा ही पूर्वअट करावी काय, याविषयी मुख्यमंत्र्यांना लिहिले होते. १९५९ मध्ये डॉ. चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सेवा समिती नेमण्यात आली. महाविद्यालयात प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने शालेय शिक्षणानंतर नऊ महिने ते एक वर्ष सक्तीची राष्ट्रीय सेवा करावी, अशी शिफारस समितीने केली. तीत श्रम, समाजसेवा, काही लष्करी शिक्षण आणि सामान्य शिक्षण यांचा समावेश होता. देशमुखांच्या शिफारशीचा न्याय असा की, तीत शहरी-ग्रामीण भेद नव्हता. खर्च आणि अंमलबजावणीतील अडचणी यांमुळे ती स्वीकारली गेली नाही. त्यानंतर प्रा. के. जी. सैयदैन यांनी इतर देशांतील योजनांचा अभ्यास करून सेवा ऐच्छिक असावी असे सुचविले.

१४ जुलै १९६४ रोजी नेमलेल्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव म्हणून जे. पी. नाईक यांच्याकडे मोठी जबाबदारी आली. जून १९६६ मध्ये सादर झालेल्या अहवालात सर्व स्तरांवर समाजसेवा हा शिक्षणाचा अविभाज्य भाग मानण्यात आला असून पदवीपूर्व काळात एकूण साठ दिवसांच्या सेवेची अपेक्षा व्यक्त झाली आहे. अहवाल ही सामूहिक निर्मिती असते. तिच्यातील एखादी शिफारस एका सदस्याच्या नावे लावणे धोक्याचे. तरीही शिक्षणाच्या आतच सेवा गुंफण्याची ही कल्पना गारगोटीच्या कल्पनेशी जुळते, हे नाकारता येत नाही. महत्त्वाचा बदल असा की, आता ती सर्वांसाठी होती. गारगोटीतील वेगळ्या प्रवाहाची चूक अहवालाने टाळली होती.

प्रत्यक्षात २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव शिक्षणमंत्री असताना ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. ती ऐच्छिक होती. साठ दिवसांच्या जागी पुढे दोन वर्षांत २४० तासांचे नियमित काम आणि एक विशेष शिबिर हा आकृतिबंध स्थिरावला. १९७३ मध्ये 'दुष्काळाविरुद्ध युवक' या विषयावर शिबिरे झाली, तेव्हा महाराष्ट्र स्वतः भीषण दुष्काळातून जात होता. आज राज्यातील कोणत्याही ग्रामीण महाविद्यालयात सेवेचे जे काही जिवंत रूप आढळते ते बहुधा या योजनेतच आढळते, आणि त्याचे श्रेय कार्यक्रम अधिकाऱ्याच्या व्यक्तिगत तळमळीला अधिक द्यावे लागते. शिबिराचा निधी वेळेवर येणे ही या क्षेत्रात साहित्यसंमेलनाइतकीच चर्चेची बाब आहे.

सक्तीचा मार्ग इतरत्र चोखाळला गेला. मेक्सिकोत १९३६ पासून वैद्यकीय विद्यार्थ्यांना खेड्यात सेवा द्यावी लागू लागली. नायजेरियाने यादवी युद्धानंतर, १९७३ मध्ये, पदवीधरांसाठी एक वर्षाची राष्ट्रीय युवक सेवा सुरू केली आणि तरुणांना सामान्यतः आपल्या प्रांताबाहेर पाठविण्याचे धोरण ठेवले. नेपाळचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे. त्रिभुवन विद्यापीठाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सत्तरच्या दशकात डोंगरी खेड्यांत राष्ट्रीय विकास सेवा करावी लागे. शहरातील मुले खेड्यात वर्षभर राहिली, शिकविले, आणि शिकलीही. दशक संपता संपता ती योजना गुंडाळली गेली. महाराष्ट्रात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील पदवीधरांकडून सेवेचे बंधपत्र लिहून घेतले जाते. सेवा टाळण्यासाठी दंड भरता येण्याची सोय ज्या काळात होती, त्या काळात ऋणाचे रूपांतर सरळ रुपयांत झाले. ज्याच्या घरी पैसा त्याला समाजऋण फेडण्याची गरज उरली नाही. गारगोटीच्या संदर्भात मांडलेली विषमता येथे वेगळ्या वेषात पुन्हा समोर येते.

नाईक यांना १९७४ मध्ये पद्मभूषण मिळाले. ३० ऑगस्ट १९८१ रोजी त्यांचे निधन झाले. आयुष्याच्या उत्तरार्धात आयोगाच्या अहवालाचे पुढे काय झाले याचा त्यांनी स्वतःच परखड हिशेब मांडला. संस्थापकाने आपल्याच वास्तूचे असे लेखापरीक्षण करणे आपल्याकडे दुर्मीळ आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रात २०२३ पासून आलेल्या पदवी आराखड्यात क्षेत्रप्रकल्प आणि समुदाय सहभाग यांना श्रेयांक देण्यात आले. सेवा गुणपत्रिकेत आली, सर्वांसाठी आली, शिक्षणाच्या आत आली. राधाकृष्णन आयोगापासून ज्याची मागणी होत होती ते कागदावर तरी घडले आहे. पण १९५६ च्या योजनेत विस्तारकार्यासाठी स्वतंत्र प्राध्यापकवर्ग, निवासी जीवन आणि तीन वर्षांचा सलग काळ गृहीत धरला होता. आज तेच काम आठवड्याचा कार्यभार भरून उरलेल्या तासांत, बहुतेक ठिकाणी तासिका तत्त्वावरील अध्यापकाच्या भरवशावर करावयाचे आहे. प्रकल्पाच्या वहीला सरपंचाच्या सहीचे प्रमाणपत्र जोडले जाते, गुण मात्र महाविद्यालयातच दिले जातात. ज्या वाडीत विद्यार्थ्याने पाहणी केली त्या वाडीला त्या पाहणीची प्रत मिळते का, हे विचारणारा रकाना प्रकल्पाच्या नमुन्यात सहसा नसतो.